कमी दारूची पन्नास काडतुसं

डब्लिन, ओहायो
सोमवार, ९ सप्टेंबर २०२४

विवेक,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच फेकून देशील, अशी भीती वाटते. तसं करू नकोस. मी भांडायला लिहीत नाहीये. तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही माझा नंबर ब्लॉक केलास. ते तसंच राहू दे. काम छोटंसं आहे.

तुझी रुही न्यू जर्सीहून सिअ‍ॅटलला जाताना दोन दिवस माझ्याकडे राहिली, हे तिनं तुला सांगितलं असेलच. तिच्याकडूनच कळलं, की तिची आई नीला गेल्यापासून तू मोंटानातल्या त्या लाकडी घरात अजूनही एकटाच असतोस, जंगलखात्यासाठी पायवाटा साफ करतोस, आणि अस्वलांच्या भीतीनं कमरेला अजून ते जुनं मॅग्नम रिव्हॉल्व्हर लावतोस. मनगटाच्या ऑपरेशननंतर दुकानातल्या काडतुसांचा झटका तुला सहन होत नाही, असंही म्हणाली. म्हणून माझा शैलेंद्र जिथे काडतुसं भरायचा, त्याच टेबलाशी बसून मी पन्नास काडतुसं भरली. मुद्दाम हलकी भरली. पोस्टानं पाठवता येत नाहीत, म्हणून रुहीच्या गाडीत खोकं ठेवलं. "बाबांनी ठेवून घेतलं," एवढाच तिचा मेसेज आला. मला तेवढंही पुष्कळ वाटलं.

तर त्या खोक्याबद्दल लिहायचं होतं. या उन्हाळ्यात आमच्या बेसमेंटमध्ये फार ओल होती. ओल शोषणारा डीह्युमिडिफायर बंद पडला होता आणि माझ्या लक्षातच आलं नाही. दारूला थोडी ओल लागली असणार. तेव्हा ती काडतुसं जंगलात नेऊ नकोस. घरामागे डबे मांडून नेमबाजीत संपवून टाक. एखादं फुसकं निघालं तर घाबरायचं कारण नाही, ओल लागलीय एवढंच समज.

बाकी ठीक. पोस्टात तू आठवड्यातून एकदाच जातोस म्हणे, तेव्हा हे कधी मिळेल कोण जाणे.

ताई


डब्लिन
गुरुवार, १२ सप्टेंबर

विवेक,

आधीचं पत्र मिळालं असेल तर त्यातला एक शब्दही मानू नकोस. त्या खोक्यातलं एकही काडतूस उडवू नकोस. डब्यांवर नको, हवेत नको, कशावरच नको. खोकं उचल आणि बंद करून ठेव.

पोस्टातून एक्स्प्रेसचं पाकीट आत्ताच आणलंय. हे एक्स्प्रेसनं जातंय. आज सकाळी तुझ्या गावच्या पोस्टात फोन केला होता. तिथल्या बाईंना म्हटलं, माझं पाकीट पेटीत टाकू नका, परत पाठवा. त्या म्हणाल्या, "मॅडम, ते अर्ध्या तासापूर्वीच त्यांनी नेलं. आज ते गावात आले होते." आठवड्यातून एकदा येणारा तू नेमका आजच आलास. मी फोन तसाच टेबलावर ठेवून गाडीची किल्ली शोधायला लागले. त्या बाई तिकडून "हॅलो, हॅलो" करत होत्या.

ओल वगैरे काही नव्हती. डीह्युमिडिफायर छान चालतो.

खरं झालं ते असं. तुझ्यासाठी म्हणून मी साठ भरली होती. पन्नास तुला दिली, दहा ठेवली. गेल्या शनिवारी शैलेंद्रचं रिव्हॉल्व्हर घेऊन रेंजवर गेले. तिथे वॉल्टर म्हणून म्हातारा आहे, देखरेख करतो, शैलेंद्रला चांगला ओळखायचा. पहिली तीन काडतुसं नीट उडाली. चौथ्याला कानावरच्या मफमधून काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, चापच नीट ओढला गेला नाही. पुन्हा ओढणार, तेवढ्यात वॉल्टरनं मागून माझं मनगट धरलं. विवेक, या माणसानं तीन वर्षांत मला कधी हातही लावला नव्हता. तो ओरडत होता, "थांब, थांब, बोट काढ!"

त्यानं रिव्हॉल्व्हर रिकामं केलं आणि नळीत एक काडी घातली. काडी अर्ध्यावरच अडली. गोळी नळीत अडकून बसली होती. गोळ्यांच्या चक्रातून न जळलेली दारू वाळूसारखी त्याच्या तळहातावर सांडली. तो म्हणाला, "पुढची गोळी हिच्यावर जाऊन आदळली असती तर नळी फुटली असती. तुझ्या तोंडासमोर."

मग त्यानं विचारलं, दारू कोणती आणि किती घातलीस. मी सांगितलं. तो म्हणाला, "ही दारू भरगच्च भरण्यासाठीच बनवलेली आहे. जास्त घातली तर धोका असतो, ते सगळ्यांना ठाऊक असतं. हिच्यात कमी घातली तरी तेवढाच धोका असतो. कमी असली की ती कधी पेटते, कधी पेटत नाही. हलकं काडतूस हवं असेल तर दारूच दुसरी घ्यायची, आणि काडतुसं भरायच्या पुस्तकात त्या दारूसाठी जे माप दिलंय तेच घ्यायचं. हिचंच माप उतरवायचं नाही."

मी चाळीस वर्षं फार्मसीत काढली. ग्रेन हे माप मला शैलेंद्रच्या आधीपासून माहीत होतं. त्याच्या तराजूपाशी तो मलाच बसवायचा, माझा हात थरथरत नाही म्हणून. म्हाताऱ्या माणसाला, नाजूक माणसाला डोस कमी, हे माझ्या अंगात मुरलेलं आहे. तुझं मनगट डोळ्यांसमोर आणलं आणि माप उतरवलं. चांगलं चौथ्या हिश्शानं उतरवलं. पुस्तकातली 'माप उतरवू नये' ही सूचना फार बारीक अक्षरात आहे. या वयात कुणाच्याही नजरेतून सुटेल.

विवेक, काही काडतुसं नीट उडतील, काही नाही. तुला फसवायला हे पुरेसं आहे. मला फोन कर. ब्लॉक काढ, बोल, पुन्हा ब्लॉक कर, चालेल.

ताई


डब्लिन
शनिवार, १४ सप्टेंबर, सकाळ

विवेक,

एक्स्प्रेस पाकीट काल तुझ्या गावी पोचलं. पेटीत पडून आहे. तू पुढच्या गुरुवारपर्यंत यायचा नाहीस.

काल रुहीला सगळं सांगितलं. हे मी सोमवारीच करायला हवं होतं. तुझ्या घरी सिग्नल नसतो हे खरं, पण तिला सांगितलं असतं तर तिनं काहीतरी केलं असतं. मला तिच्यापुढे उघडं पडायचं नव्हतं. माझ्याकडे ती दोन दिवस राहिली, माझ्या हातचा आमटी-भात खाल्ला, "आत्या, यू आर सो कूल, तू स्वतः भरतेस?" म्हणत शेजारी बसून बघत होती. तिला काय सांगू, की जे कौतुकानं बघितलंस त्यानं तुझ्या बापाचं तोंड फुटू शकतं?

ती ऐकत होती. मग म्हणाली, "वेट. तू त्याला लिहिलंस की शूट करून संपव?"

मी हो म्हटलं.

"आत्या! व्हाय वुड यू राइट दॅट?" ती इतक्या जोरात ओरडली की मागे कुणीतरी तिला काय झालं विचारत होतं. फेकून दे म्हटलं असतं तर तू का ते विचारलं असतंस, आणि बहुतेक तर नीटच उडतील असं मी मनाला पटवलं होतं. मग तिनं फोन ठेवला आणि दहा मिनिटांनी परत केला. तुमच्या काउंटीच्या शेरीफच्या ऑफिसात बोलली होती. त्यांच्याकडे माणसं थोडी आहेत, आज दुपारपर्यंत कुणीतरी तुझ्याकडे येईल म्हणाले. मी विमानाचं बघतेय. उद्याचं मिळेलसं दिसतंय.

हे पत्र कशासाठी लिहितेय मला कळत नाही. हे वेळेत पोचणार नाही. पण दुपारपर्यंत हाताला काहीतरी हवं. दर वेळी बाहेर गाडीचा दरवाजा वाजला की खिडकीशी जाते, जणू ती बातमी गाडीतूनच येणार आहे. चहा तीनदा केला आणि तीनदा ओतून दिला. मी डबे बघते, विवेक. कुठल्या कुंपणावर मांडले असतील, किती अंतरावर, तू डोळा बारीक करून कसा उभा असशील. चौथं काडतूस, पाचवं काडतूस. तू मफ लावतोस का?

ती सूचना बारीक अक्षरात नव्हती. जाड ठशात होती, चौकटीत. मी ती वाचली होती. वाचून मनात म्हटलं, हे वकिलांनी घातलेलं असतं, औषधांच्या बाटल्यांवर असतं तसं. मला जास्त कळतं असं वाटलं. जुलैत आधी नमुन्याची सहा वेगळी भरून उडवून पाहिली, सहाही उडाली, मग तर खात्रीच झाली.

आता दुसरं. मला ते आजच लिहायला हवं. दुपारनंतर कदाचित लिहिता येणार नाही.

शैलेंद्रच्या तेराव्याला मी सगळ्यांसमोर तुला विचारलं होतं, "चार तास तू काय करत होतास?" तुझ्याकडे शिकारीला आलेल्या माझ्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका येतो, तू त्याला तंबूत सोडून डोंगरात निघून जातोस, दहा वाजता परत येतोस, मग हॉस्पिटल. असं मी बोलले. सगळे तुझ्याकडे बघत राहिले. तू काही न बोलता चपला घातल्यास. नीला असती तर तिनं तरी तुझी बाजू घेतली असती.

त्या दिवशी सकाळी सहा वाजता शैलेंद्रनं टेकडीवर चढून मला फोन केला होता. म्हणाला, "उजव्या हाताला मुंग्या येतायत, जीभ जड वाटतेय." मी अर्धवट झोपेत होते. म्हटलं, हात अंगाखाली आला असेल, एक अ‍ॅस्पिरिन घे आणि दोन तास पडून राहा. विवेकला उगीच घाबरवू नकोस. हे मी म्हटलं. चाळीस वर्षांची फार्मासिस्ट. काउंटरवर कुणी अनोळखी माणूस हे बोलला असता तर मी त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत अँब्युलन्स बोलावली असती.

तो माझं ऐकून पडून राहिला. तुला त्यानं "जरा झोपतो, तू जा" म्हटलं असणार. तू गेलास. आणि मी तीन वर्षं ते चार तास तुझ्या नावावर ठेवले.

फोन वाजतोय. रुही आहे.


डेन्व्हर विमानतळ
रविवार, १५ सप्टेंबर

विवेक,

कालचं पत्र निघताना पोस्टात टाकलं. हे बरोबर घेऊन येतेय. तू ते वाचू शकणार नाहीस, रुहीनं सांगितलं. दोन्ही डोळ्यांना पट्टी आहे.

तिनं सांगितलेलं मी तसंच्या तसं लिहून ठेवते, नाहीतर विमान उतरेपर्यंत माझं मन त्यातलं काही बदलेल. शनिवारी सकाळी तू घरामागे डबे मांडलेस. चार नीट उडाली, पाचवं फुसकं गेलं, सहाव्याला नळी फुटली. तुला काही दिसेना. कुंपणाची तार हातानं चाचपत तू रस्त्यापर्यंत चालत आलास, आणि शेरीफच्या माणसानं तुला तिथे तार धरून उभं असलेलं पाहिलं. तो तुझ्याकडेच येत होता. रुही म्हणते, तो नसता तर त्या रस्त्यावर संध्याकाळपर्यंत कुणी फिरकलं नसतं.

डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. उजवा डोळा वाचायचा नाही. डाव्याचं सांगता येत नाही.

माझ्या शेजारी एक बाई मुलाला केळं भरवतेय. तिनं दोनदा विचारलं, मी ठीक आहे ना. मी दोन्ही वेळा हो म्हटलं.


डब्लिन
सोमवार, ३० सप्टेंबर

विवेक,

गुरुवारी तुझ्या डाव्या डोळ्याची पट्टी काढणार, असं रुहीनं कळवलं. सगळं ठीक झालं तर तू वाचू शकशील. त्याआधी हे पोचावं म्हणून घाई करतेय. हॉस्पिटलात तुला काय दिसलं नाही, ते सांगायचं आहे.

मी खोलीत आले तेव्हा तू पायांचा आवाज ऐकून "रुही?" म्हणालास. मी दारातच थांबले. तुझा अर्धा चेहरा सुजून कपाळापर्यंत काळानिळा झाला होता. मी बोलले नाही तरी तुला कळलं. तू म्हणालास, "ताई, बस." मला तिथल्या खुर्चीपर्यंत यायला किती वेळ लागला, ते तुला दिसलं नाही ते बरं झालं.

पाच दिवस तू माझ्याशी पाणी, उशी आणि खिडकी यापलीकडे काही बोलला नाहीस. मग रुहीनं पेटीतली पत्रं आणली आणि तू म्हणालास, "तिला मराठी वाचता येत नाही. तूच वाच."

गुरुवारचं वाचलं. मी वाचताना तू एकदाच मध्ये बोललास. "पहिल्या पत्रात तू लिहिलं होतंस, फुसकं निघालं तर ओल लागलीय समज. पाचवं फुसकं गेलं तेव्हा मला ऐकू आलं होतं. मफ लावला नव्हता. मी थांबलो होतो, ताई. मग म्हटलं, ताईनं लिहिलंय ना." एवढं बोलून तू तोंड भिंतीकडे केलंस. तुला सगळं कळत होतं. तू चाळीस वर्षं शिकार केलीस, फुसक्या बारानंतर नळी बघायची हे तुला मी सांगायला नको. तू थांबलासच होतास. माझ्या पत्रानं तुझं बोट परत चापावर ठेवलं.

मग शनिवारचं पत्र उघडलं. रुही, शेरीफ, चहा, डबे, चौकटीतली सूचना, सगळं वाचलं. "आता दुसरं" या शब्दांशी आले आणि थांबले. तू विचारलंस, "संपलं?"

मी म्हटलं, "हो. एवढंच आहे."

तुझ्या पट्टीकडे बघत मी खोटं बोलले. पान मांडीवर पालथं घातलं. ते फाडून बाथरूममध्ये टाकता आलं असतं. त्या दिवसांत दोनदा ते पर्समध्ये घालून गेले आणि दोनदा परत आणलं. निघताना रुही म्हणाली, "बाबा म्हणतोय पत्रं इथेच ठेव, डोळा बरा झाला की स्वतः वाचेन." मी तिच्या हातात सगळी दिली. ते पानही. हात सुटत नव्हता. तिनं जरा ओढलं तेव्हा सुटला.

तेव्हा शनिवारच्या पत्राचं शेवटचं पान वाचशील तेव्हा तुला कळेल, मी काय गाळलं ते.

उरलेल्या काडतुसांबद्दल तू रुहीकडून विचारलं होतंस. माझ्याकडची सहा वॉल्टरनं उघडली, दारू पाण्यात भिजवून नष्ट केली. तुझी चव्वेचाळीस शेरीफच्या माणसानं नेली. शैलेंद्रचं टेबल मी बंद केलंय. तराजू वॉल्टरला दिला.

मला गुरुवारची भीती वाटते. तुला दिसलं नाही तर, याची. आणि दिसलं तर, याचीही.

ताई


डब्लिन
शनिवार, ५ ऑक्टोबर

विवेक,

काल दुपारी फोन वाजला आणि स्क्रीनवर तुझं नाव आलं. तीन वर्षांत ते नाव उमटलं नव्हतं. मी तो उचलायला इतका उशीर केला की बंद पडला. तू परत लावलास.

तू फोनवर बोललास ते मी इथे लिहून ठेवते. चुकलं असेल तर सांग.

तू म्हणालास, "वाचलं. दिसतंय. अक्षर जरा पसरतं, पण दिसतंय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

मग तू म्हणालास, "तो फोन मला माहीत होता."

"कुठला?"

"शैलेंद्रनं तुला केलेला. हॉस्पिटलला जाताना गाडीत त्याची जीभ अडखळत होती, पण तो पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. 'पद्मिनी म्हणाली पडून राहा, म्हणून पडलो. तिला सांगू नकोस, ती स्वतःला खाईल.'"

मी विचारलं, "मग तेराव्याला बोलला का नाहीस?"

"कुणापुढे बोलू? पन्नास माणसं बसली होती. तू एकटी उरली होतीस. मला वाटलं, उद्या सकाळी तू स्वतःच येशील. एक दिवस थांबलो, दोन दिवस थांबलो. मग तुझा फोन आला, आणि तू त्याबद्दल एक शब्द न काढता नीलाच्या जुन्या भांड्यांचं काहीतरी बोलत होतीस. तेव्हा ब्लॉक केलं."

मला ते भांड्यांचं आठवतच नाही.

मी म्हटलं, "मला माफ कर." हॉस्पिटलजवळच्या त्या भाड्याच्या खोलीत तुझ्या मागे किटलीची शिटी वाजत होती, ती कुणीतरी बंद केली.

"त्याचं केव्हाच सोडून दिलंय," तू म्हणालास. "माप चुकलं, तेही समजू शकतो. माझ्या हाताचा विचार करून केलंस. पण ओलीचं जे लिहिलंस ना, ताई, ते नाही सोडता येत मला. आत्ता तरी नाही. आरशात बघितलं की ते पत्र आठवतं."

मी हो म्हटलं.

मी वाट बघत होते तू कधी ठेवतोस याची. घड्याळाकडे बघत नव्हते, पण पुष्कळ वेळ गेला. तू ठेवला नाहीस. तुझा श्वास ऐकू येत होता, जरा घरघर आहे, ती डॉक्टरांना दाखव. शेवटी रुहीनं तुला औषधाला हाक मारली, तेव्हा तू "बरं" म्हणालास आणि मग ठेवलास.

रुहीची रजा पुढच्या शुक्रवारी संपते. त्यानंतर डोळ्यात दिवसातून सहा वेळा थेंब कोण घालणार, हे तिलाही माहीत नाही आणि तुलाही. तू "ये" म्हणाला नाहीस. "नको" असंही म्हणाला नाहीस. मी गुरुवारचं तिकीट काढलं आहे. थेंबांची बाटली आणि डॉक्टरांचा कागद तुझ्याजवळच ठेव. प्रत्येक वेळी त्यावर लिहिलेलं मी तुला मोठ्यानं वाचून दाखवीन, पूर्ण, आणि मगच घालीन.

ताई